चोवीस नॅप्या आणि सगळ्या गळक्या: एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

घर चार जणांचं. आई, बाबा, बाबांची आई म्हणजे आजी, आणि पहिलंच बाळ, मुलगा. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी घडलं तसं लिहितेय. कापडी नॅप्या सुरू करणाऱ्या घरांना मी मदत करते, पण सुरू करायच्या आधी विचारायला कोणी येत नाही, सगळं फिसकटल्यावर येतात, आणि हेही तसेच आले.

कापडी वापरायचं हे आईने बाळ पोटात असतानाच ठरवलेलं. कचरा कमी व्हावा हे मुख्य कारण, आणि दिवसभर डायपर नको असंही वाटत होतं. रात्र रात्र वाचून तिने एकाच प्रकारच्या चोवीस नॅप्या एकदम मागवल्या, सगळ्या वन-साइझ पॉकेट नॅप्या आणि सोबत मायक्रोफायबरचे इन्सर्ट. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, पॉकेट नॅपीला बाहेरून पाणी न झिरपणारं कापड असतं, त्याला पीयूएल म्हणतात, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. आतून बाळाच्या अंगाला लागणारं मऊ कापड, दोन्हींच्या मधे खिसा, आणि शू शोषणारा इन्सर्ट त्या खिशात सरकवायचा. पुढच्या बाजूला टिच बटणांच्या रांगा असतात, त्या लावून नॅपी आखूड करायची आणि बाळ वाढेल तशी सोडत जायची. कल्पना छानच आहे. फक्त वन-साइझ म्हणजे जन्मापासून, असं जे धरलं जातं ते बहुतेक बाळांना लागू पडत नाही. साधारण चार-पाच किलो वजन झाल्यावरच ती मांडीला नीट बसायला लागते.

हे बाळ जन्मलं तेव्हा तीन किलोलाही थोडं कमीच होतं. काडीसारख्या मांड्या, नॅपीचं इलॅस्टिक आणि मांडी यांच्यात बोट जाईल एवढी फट, शू सरळ कपड्यांवर. त्यात अगदी नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा वेळा बदलावं लागतं, म्हणजे चोवीस नॅप्यांचा ढीग दोन दिवसांत संपला आणि धुणं मात्र संपेना. मग सगळ्या नॅप्या कपाटात आणि बाळ डायपरमधे. आईला ते फार लागलं. पण त्या टप्प्यावर तो निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे, टाके ओले असताना आणि झोप नसताना कापडी नॅपीची तत्त्वं पाळायची काही गरज नसते.

बाळ पाच किलोच्या आसपास आल्यावर परत सुरू केलं. आता नॅप्या नीट बसल्या, गळती जवळजवळ नाही, आई खूष. काही आठवडे मस्त गेले आणि मग हळूहळू सगळं बिघडत गेलं.

अडचण

माझ्याकडे आले तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं आणि तक्रारी तीन होत्या. एक, नॅपी तासाभरात मांडीपाशी गळते. दोन, बाळाने शू केली रे केली की लगेच डोळ्यांत जाणारा उग्र वास येतो. तीन, बूड लाल झालंय.

घरातल्या तिघांचे तीन निदान. आई म्हणत होती मालच खराब आलाय, दुसऱ्या चांगल्या नॅप्या घेऊ. बाबा म्हणत होते कापडी नॅप्या अशाच असतात, आपण करून बघितलं, आता बास. आणि आजींचं म्हणणं, ते प्लॅस्टिकसारखं कापडच काढून टाका, साधे सुती लंगोट बांधा, आम्ही काय वेगळं केलं होतं.

मला दोन गोष्टी खटकल्या. माल खराब असता तर चार-पाच नॅप्या गळल्या असत्या, इथे चोवीसच्या चोवीस गळत होत्या, तेही एकाच सुमाराला. आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याच नॅप्या छान चालल्या होत्या. म्हणजे दोष नॅपीत नव्हता, सगळ्या नॅप्यांना मिळून जे काही होत होतं त्यात होता, आणि ते साठत साठत गेलेलं होतं. सगळ्या नॅप्यांना मिळून होणारी गोष्ट म्हणजे धुणं.

म्हणून पहिला प्रश्न विचारला, धुतं कोण? आई आणि आजी दोघींनी बाबांकडे बघितलं.

या घरात निवड आईने केली होती, वाचन आईचं, ऑर्डर आईची, आणि धुणं पहिल्या दिवसापासून बाबांकडे. त्यांनी ते कुरकुर न करता केलं होतं, पण नॅप्या कशा धुवायच्या हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, ते बाळाचे बाकीचे कपडे जसे धुवायचे तसेच हे. काय काय करायचे ते एकेक करून सांगायला लावलं. दिवसभराच्या ओल्या नॅप्या झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्या, बाळाचे झबले आणि चादरी सगळं मशीनमधे दाबून भरायचे. अर्ध्या तासाची क्विक सायकल, कारण कपडे फार मळलेले दिसत नाहीत. पावडर अर्धा चमचा, बाळाच्या त्वचेला त्रास नको म्हणून. आणि इन्सर्ट वाळल्यावर खरखरीत होतात म्हणून शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं लिक्विड.

यातली प्रत्येक गोष्ट काळजीपोटीच केलेली होती आणि प्रत्येकीने नॅप्या थोड्या थोड्या खराब केल्या होत्या.

सॉफ्टनर कपडे मऊ करतो तो धाग्यांवर एक बारीक थर चढवून. टॉवेलला सुद्धा त्याने पाणी कमी टिपता येतं, आणि नॅपीचं तर कामच टिपणं. थर चढत गेला की शू आत शिरण्याऐवजी वरून घरंगळते आणि जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे मांडीच्या फटीतून, बाहेर येते. पावडर कमी आणि सायकल छोटी याचा परिणाम वेगळा. शूमधला युरिया आणि जंतू इन्सर्टच्या आत राहतात, पुढच्या वेळी ओलं झालं की जंतूंमधलं युरिएज नावाचं एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं, तोच तो डोळ्यांत जाणारा वास. अमोनियाने त्वचेजवळचा पीएच वाढतो आणि शीमधली एन्झाइम्स जास्त जोरात काम करायला लागतात, त्वचा चुरचुरते. त्यात या घरात पाणी क्षारवालं. कॅल्शियम-मॅग्नेशियम पावडरीला अडकवून ठेवतात, त्यामुळे अशा पाण्यात पावडर उलट जास्त लागते, आणि इन्सर्ट खरखरीत व्हायचे तेही थोडंफार त्या पाण्यामुळेच. म्हणजे खरखर घालवायला सॉफ्टनर आला आणि त्याने गळती आणली.

रॅशसाठी लावत होते ते झिंकचं घट्ट मलम, तेही कापडाला लागून थर चढवतंच. तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटत होत्या खऱ्या, पण होत्या एकाच दोरीला बांधलेल्या.

समोरचे पर्याय

सोडून देणं हा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. बाबा दमलेले होते आणि रोजची तीन कामं त्यांच्या अंगावर पडत होती, धुणं, वाळत घालणं, आणि परत इन्सर्ट खिशात भरणं. धुणाराच नको म्हणत असेल तर निवडणाऱ्याच्या उत्साहाला अर्थ उरत नाही.

दुसऱ्या नॅप्या घेणं आईला सगळ्यात सोपं वाटत होतं. पण धुण्याची पद्धत तीच राहिली असती तर नव्या नॅप्यांचंही महिन्या-दोन महिन्यांत तेच झालं असतं, आणि मग घरात चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस गळक्या नॅप्या.

आजींचा पर्याय, साधा सुती चौकोन आणि वरून कव्हर, हा मला त्यातल्या त्यात दमदार वाटला. कापडी नॅप्यांच्या चकचकीत फोटोंमधे तो मागे पडतो पण धुवायला याच्याइतकं सोपं काही नाही, कारण उलगडला की एकच थर, आत काही अडकून राहत नाही, आणि वाळतो पटकन. अडचण एवढीच की घडी घालता यायला हवी आणि आईला त्याची धास्ती होती.

चौथा पर्याय, आहे त्याच नॅप्या नीट धुवून बघणं. आणि पाचवा, अर्धं कापडी अर्धं डायपर, जो या घरात कुणी मोठ्याने म्हणतच नव्हतं. आईच्या दृष्टीने ती हार होती आणि बाबांच्या दृष्टीने, अर्धंच करायचं तर मग करायचंच कशाला.

मी सुचवलं की आधी चौथा, तोही ठराविक मुदतीत. दोन आठवडे काहीही नवीन घ्यायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मुदत संपल्यावर बाबांनी नको म्हटलं तर नको, त्यावर वाद घालायचा नाही. ही शेवटची अट ऐकून बाबा खुर्चीत जरा सावरून बसले.

काय काय केलं

सगळ्यात आधी त्वचा. लाली नुसती चुरचुरल्याची असेल तर ती बहुधा जिथे कापड घासतं तिथे, फुगीर भागावर असते आणि घड्या त्यामानाने बऱ्या असतात. घड्यांच्या आतही लालभडक असेल आणि कडेला सुटे सुटे बारीक ठिपके दिसत असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला वेगळं औषध लागतं. हे घरी बसून ठरवायचं नसतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांनी बुरशी नाही म्हटलं, मलम चालू ठेवा आणि जास्त वेळा बदला एवढंच.

इथे पहिला खरा निर्णय होता. मलम चालू असेपर्यंत कापडी नॅपी घालायची का? नॅपीच्या आत पातळ कागदी लायनर टाकून घालता आली असती. मी म्हटलं, नको, त्वचा बरी होईपर्यंत डायपर घाला, तेवढ्यात आपण नॅप्या साफ करू. आईला ते पटत नव्हतं, 'परत डायपर म्हणजे परत पहिल्यापासून' असं तिचं म्हणणं. आजींनी तिची समजूत काढली. 'अगं, पोराचं बूड बरं होऊ दे आधी, नॅप्या कुठं पळून चालल्यात!'

मग पाण्याचा थेंब. धुऊन वाळलेला एक इन्सर्ट टेबलावर ठेवून त्यावर चमच्याने पाणी टाकलं. चांगला मायक्रोफायबर पाणी लगेच पिऊन टाकतो, इथे थेंब गोल होऊन वर बसून राहिला आणि इन्सर्ट तिरका केला तसा घरंगळत खाली आला. बाबांनी ते स्वतः तीन-चार इन्सर्टवर करून बघितलं. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या थेंबाने जास्त काम केलं, सॉफ्टनरची बाटली त्याच दिवशी माळ्यावर गेली.

धुण्याची नवी पद्धत बाबांबरोबर बसून ठरवली, आईला मुद्दाम त्यात घेतलं नाही. बादलीत भिजवणं बंद. भिजत ठेवल्याने इलॅस्टिक आणि पीयूएल दोन्ही लवकर जातात, साचलेल्या पाण्यात वास वाढतो, आणि काही महिन्यांत बाळ रांगायला लागलं की पाण्याने भरलेली बादली घरात नकोच, अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. त्याऐवजी हवा खेळेल अशा टोपलीत पाण्यात न भिजवता टाकायच्या आणि दोन दिवसांतून एकदा, फार तर तिसऱ्या दिवशी धुवायच्या. रात्रीची चिंब झालेली असेल तर तेवढी नळाखाली खळबळून.

मशीनमधे आधी एक छोटी सायकल, थोडी पावडर घालून, फक्त नॅप्यांची, म्हणजे शूचं पाणी निघून जातं. मग ड्रममधे बाळाचे बारीकसारीक कपडे टाकून तो साधारण पाऊण भरायचा आणि लांब सायकल लावायची, पावडर पाकिटावर जास्त मळलेल्या कपड्यांसाठी दिलेली असते तेवढी पूर्ण. ड्रम ठासून भरला तर कपडे फिरत नाहीत आणि अर्धा रिकामा असला तर एकमेकांवर घासले जात नाहीत, दोन्हीकडून धुणं कच्चंच. 'एवढी पावडर? बाळाला?' हा प्रश्न आलाच. त्वचेला त्रास कपड्यात राहून गेलेल्या पावडरीचा होतो, वापरलेल्या पावडरीचा नाही, आणि ती निघून जायला लांब सायकल आणि शेवटी एक जादा पाणी पुरतं. या बाळाला त्याच्या आधीच अमोनियाने त्रास झालेला होता.

पाण्याच्या तापमानावरून आईशी थोडं अडलं. तिला थंड पाण्यातच धुवायचं होतं, वीज वाचवायला, आणि तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ब्रिटन सरकारच्या पर्यावरण खात्यासाठी झालेला एक अभ्यास २०२३ मधे प्रसिद्ध झाला, त्यात कापडी नॅप्यांमुळे होणारं कार्बन उत्सर्जन डायपरपेक्षा साधारण २५ टक्के कमी निघालं, पण कापडीच्या वाट्याचं जे उत्सर्जन होतं त्यातलं निम्म्याहून जास्त वापरातलं होतं, म्हणजे मुख्यतः धुण्या-वाळवण्याचं. मी तिला म्हटलं, वीज जिथे जास्त जाते तिथे वाचव, ड्रायर लावू नका, दोरीवर वाळवा, ड्रम नीट भरा, आणि याच नॅप्या पुढे दुसऱ्या बाळालाही वापरा. थंड पाण्यात न निघालेल्या वासापायी चोवीस नॅप्या फेकून द्यायची वेळ आली तर त्यात काही वाचलेलं नसतं. शेवटी ठरलं ते असं, इन्सर्ट ६० डिग्रीला आणि बाहेरची कव्हरं ४० डिग्रीला, वासाचं प्रकरण निवळेपर्यंत. नंतर सगळंच ४० ला, आणि अधूनमधून इन्सर्टची एखादी गरम फेरी.

मधे एकदा बाबांनी विचारलं की ब्लीच घालू का, कुठेतरी ऐकलं होतं. मी थांबवलं. पातळ केलेलं ब्लीच काही वेळा उपयोगी पडतं, पण अमोनियाचा वास मारत असलेल्या कापडावर ते ओतलं तर विषारी वायू तयार होतो. अशा वेळी आधी व्यवस्थित धुऊन वास घालवणं हेच काम असतं, आणि तो गेला की ब्लीचची गरजही बहुधा उरत नाही.

तीन-चार गरम फेऱ्यांनंतर थेंब परत आत शिरायला लागला.

गळती अजून होतीच

वास गेला, थेंब आत शिरतो, बूड बरं, म्हणून नॅप्या परत चालू केल्या. दिवसभर घरी ठीक, पण बाळाला अंगाशी बांधायच्या कॅरिअरमधे घेऊन बाहेर गेलं की मांडीपाशी ओलं. बाबांचा चेहरा परत पडला.

इथे मी एक छोटं काम दिलं. गळली की लगेच बदलून टाकायची नाही, आधी इन्सर्ट बाहेर काढून तो कुठे ओला आहे ते हाताने बघायचं. सगळा चिंब असेल तर इन्सर्ट कमी पडतोय. अर्धाच ओला आणि मागचा भाग कोरडा असेल तर एकतर बसवण्यात चूक आहे किंवा अजून थर उरलाय. मुलगा असेल आणि फक्त पुढे पोटाकडे ओलं असेल तर जाडी पुढच्या बाजूला हवी. हे तीन प्रकार वेगळे केल्याशिवाय गळती सोडवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

त्यांना तीन गोष्टी सापडल्या. काही वेळा इलॅस्टिक मांडीवर बसलेलं असायचं, ते जांघेच्या घडीत हवं, चड्डीची कड बसते तिथे. बटणं मोकळी लावली जात होती, बाळाला काचू नये म्हणून. मांडीवर हलका वळ उठला तर तो थोड्या वेळाने जातो, घट्ट म्हणजे खोल लाल खूण आणि ती तशीच राहणं. आणि एकदा-दोनदा आतल्या कापडाची कड बाहेर डोकावत होती, तेवढं पुरतं, ओल त्या कडेने बाहेर येऊन सगळा झबला भिजवते.

कॅरिअरमधली गळती मात्र मायक्रोफायबरचीच होती. तो शू पटकन पितो पण दाबला की स्पंजसारखा सोडून देतो, आणि कॅरिअरमधे किंवा मांडीवर बसलेल्या बाळाचं सगळं वजन नेमकं तिथेच येतं. याला उपाय म्हणजे त्याच्या खाली दाबाला दाद न देणारं कापड, सुती, बांबूचं किंवा हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं. हेम्प हळू शोषतं पण पातळ असूनही पुष्कळ धरून ठेवतं, म्हणून ते तळाला. आई लगेच शोधाशोधीला लागली आणि मी आजींकडे बघितलं. त्यांच्याकडे धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लंगोटांची चळत होतीच, बांधायला मिळाले नव्हते म्हणून रुसलेली. त्यातला एक लांबट पट्टीसारखा घडी घालून मायक्रोफायबरच्या खाली सरकवला. काही बांधायचं नाही, त्रिकोण नाही, नुसती पट्टी. कॅरिअरमधली गळती जवळजवळ थांबली.

जुनं सुती इथे कामाला आलं त्याला कारण आहे. नवं सुती किंवा हेम्प पहिल्याच धुण्यात पूर्ण शोषत नाही, कापडातली नैसर्गिक तेलं निघून जायला बरीच धुणी लागतात, म्हणून नवीन आणलेलं पहिल्या दिवशी गळलं तर ते लगेच नापास करायचं नसतं. आजींच्या लंगोटांची ती धुणी केव्हाच होऊन गेली होती.

रात्रीचा प्रश्न

रात्रीसाठी आईने तीन इन्सर्ट भरून बघितले. नॅपी एवढी फुगली की पाय लांबच राहायला लागले, आणि तिला भीती वाटली की खुब्याला काही होईल. तशी भीती नको, पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाजूला पसरलेले राहणं खुब्याला चालतं, त्रास होतो तो पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळण्याने. पण नॅपी एवढी जाड असली की मांडीपाशी फट पडते आणि तिथून गळतं, आणि तसंच झालं. बाळ रात्री ओलं होऊन उठायला लागलं, घरातले सगळेच उठायला लागले.

रात्रीसाठी खास नॅप्या मिळतात, सगळीच शोषणाऱ्या कापडाच्या, वरून लोकरीचं कव्हर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल अंगाला ओलं न जाणवता धरून ठेवते, त्यामुळे ती रात्रीला खरंच छान. पण तिला हाताने धुवायचं, अधूनमधून लॅनोलिन, म्हणजे लोकरीचंच मेण, द्यायचं, म्हणजे अजून एक वेगळं धुणं. मी बाबांना विचारलं, करायचं? ते नाही म्हणाले, अगदी सरळ. मग रात्री डायपर. आईने आधी तोंड फिरवलं, पण मुदतीच्या सुरुवातीला ठरलेली अट तिला आठवत होती.

परिणाम

दोन आठवड्यांनी बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी चालू ठेवू म्हटलं. दिवसा कापडी, रात्री आणि लांबच्या प्रवासात डायपर, असं बसलं ते तसंच राहिलं. वास परत आला नाही. सकाळची पहिली नॅपी कधीकधी जराशी उग्र येते, पण रात्रभराची शू घट्ट असते, त्याने घाबरायचं कारण नसतं. दिवसाच्या ताज्या नॅपीला वास आला तर मात्र पावडर परत बघायची, हे आता बाबाच सांगतात.

मशीनवर एक कागद चिकटवलाय, पावडरीचं माप, सायकल, ड्रम कुठवर भरायचा. तो बाबांच्या अक्षरात आहे. पाहुणे आले आणि त्यांनी मदत म्हणून मशीन लावलं तरी बिघडत नाही.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर वरचं खाणं सुरू झालं तेव्हा नवं काम आलं. फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, सरळ मशीनमधे गेली तरी चालतं, पण वरचं सुरू झालं की आधी शी टॉयलेटमधे झटकायला लागते. पातळ कागदी लायनर टाकले की हे सोपं होतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, लायनर टॉयलेटमधे टाकायचा नाही, पाइप तुंबतो, तो कचऱ्यातच. डाग राहिले तर ओल्या नॅप्या उन्हात, पिवळेपणा उन्हाने पुष्कळ जातो.

चोवीसपैकी सहा नॅप्यांची इलॅस्टिकं सैल झाली, बहुधा सुरुवातीच्या भिजवण्यामुळे. आजींनी त्यातल्या चारांना नवी इलॅस्टिकं घातली.

वेगळं काय करता आलं असतं

एकाच प्रकारच्या चोवीस नॅप्या एकदम घेणं हा इथला सगळ्यात महागात पडलेला निर्णय, आणि तो बाळ यायच्या आधी झालेला. पाच-सहा घ्यायच्या, त्यातल्या दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या, आणि दिवसातून दोन-तीनदाच वापरायच्या, बाकी डायपर. बाळाच्या मांड्या, घरातलं पाणी, धुणाऱ्याचा वेळ हे सगळं त्यात कळतं. पूर्ण वेळ कापडी वापरायचं आणि दोन दिवसांनी धुवायचं तर वीस-चोवीस लागतातच, पण त्या नंतर आणता येतात. अगदी पहिल्या आठवड्यांत वापरायचंच असेल तर वन-साइझ नको, नवजात मापाच्या किंवा साधे लंगोट आणि छोटं कव्हर, नाहीतर चार-पाच किलोपर्यंत सरळ थांबायचं.

आणि नॅपी निवडताना बाबा त्या खोलीत हवे होते. त्यांना विचारलं असतं तर इन्सर्ट खिशातून काढणं आणि परत भरणं याचा कंटाळा पहिल्या दिवशीच बोलून झाला असता. कदाचित त्यांनी पॉकेट घेतल्याच नसत्या, कव्हरमधे नुसता इन्सर्ट ठेवायचा तो प्रकार घेतला असता, ज्यात शू झाली की कव्हर पुसून परत वापरता येतं. दोरी किती लांब आहे, जाड इन्सर्ट वाळायला किती वेळ घेतो, मशीन किती किलोचं, हे धुणाऱ्यालाच माहीत असतं आणि नॅपीचा प्रकार यावरूनच ठरायला हवा. आईचं वाचन भरपूर होतं, पण सगळं नॅप्यांबद्दल होतं, धुण्याबद्दल एक पानही नव्हतं.

आजींचं म्हणणं दोन महिने आधी ऐकलं असतं तर कॅरिअरची गळती तेव्हाच थांबली असती. तेव्हा ऐकलं गेलं नाही कारण त्या 'ते सगळं काढून टाका' असं म्हणत होत्या, आणि आईला ते आपल्या निवडीवरचं बोट वाटत होतं. लंगोट आत सरकवता येतो, काहीच काढावं लागत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका बाबतीत मी अजूनही दोन मतांत आहे. त्वचा बरी होईपर्यंत डायपर घालायला लावले त्याऐवजी लायनर टाकून कापडी चालू ठेवलं असतं तर आईचा धीर टिकला असता आणि दोन आठवड्यांची सवय मोडली नसती. पण नॅप्या तेव्हा साफ नव्हत्या, आणि अमोनिया सोडणारी नॅपी लाल झालेल्या बुडाला लावा असं म्हणायला माझी जीभ वळली नसती. पुढच्या घरात दोन-चार इन्सर्ट आधी साफ करून घेईन आणि दिवसातले थोडेच तास ते लावून बघेन, जर डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर.

रात्रीचं आई अजून विचारते. बाळ आता बसायला लागलंय, रात्री कमी वेळा उठतं, तर लोकरीचं कव्हर घ्यायचं का. मी तिला बाबांना विचारायला सांगितलंय.